शिवलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे आणि मला एका जागी गप्प पडून राहता येत नाही. तुम्ही म्हणाल, फाईलीला कुठे पाय असतात? पाय नाहीत, पण पोटात लोखंडी चाप आहे, आणि तो जन्मापासून तापट आहे. कुणी त्याची दांडी जरा हळू उचलली, की तो अर्ध्यातच 'खट्' करून मिटतो आणि समोरच्याचे बोट पकडतो. म्हणून मला सगळे 'चावरी' म्हणतात. मला त्या नावाचा राग नाही. माझ्याबरोबर जन्मलेल्या साध्यासुध्या फाईली कुठे गेल्या, ते आज कुणाला आठवतही नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे बायका पुठ्ठ्यावर निळा कागद चिकटवत, पाठीला कापडी पट्टी लावत आणि एक म्हातारा कारागीर शेवटी चाप ठोकून बसवी. माझी पाळी आली त्या दिवशी तो चष्मा घरी विसरून आला होता. त्याने हातोडीचे दोन घाव जास्तच मारले. तपासणीला बसलेल्या बाईने माझा चाप उघडला, बोट झटकले, 'आई गं' म्हटले आणि मला बाजूच्या ढिगात भिरकावले. तो ढीग बाद मालाचा होता. मी दोन दिवस तिथे तळमळत पडले. तिसऱ्या दिवशी एका रुग्णालयाची दोनशे फाईलींची मागणी आली आणि मोजणीत एकशे नव्व्याण्णवच भरल्या. कुणीतरी मला गुपचूप गठ्ठ्यात सरकवले. माझ्या नशिबाची सुरुवात अशी एका तुटीने झाली.

रुग्णालयात मला तळघरातल्या एका खोलीत पाठवले. ऑपरेशनची हत्यारे तिथे धुवून, पुसून, कापडात बांधून वाफेच्या मोठ्या यंत्रात घालत. जंतू मेले, की तेच बांधलेले पॅक वर थिएटरमध्ये जात. खोलीत कायम दमट ऊब असे. माझा पुठ्ठा तिथे फुगला तो आजतागायत तसाच आहे. यंत्र किती वाजता लावले, किती वेळ चालले, कुणी बंद केले, याचे कागद माझ्या पोटात जात. दिवसातून दहा वेळा उघडा, दहा वेळा मिटा. मला असे धावपळीचे काम फार आवडे.

तिथेच मला ताई भेटली. ती आली तेव्हा नुसती हत्यारे धुवायची. शिक्षण बारावीपर्यंतच झालेले. पण तिचे डोळे कायम यंत्राकडे. जुन्या सिस्टर यंत्र लावू लागल्या, की ही पाणी गळणारे हात तसेच धरून मागे उभी. सहा वर्षांत ती यंत्र लावू लागली. पुढे खोलीत कुणाचे अडले, की सगळे तिलाच हाक मारू लागले. थिएटरमधल्या नर्सही खाली फोन करून म्हणत, "वाफेच्या ताईंना द्या."

मित्रांनो, आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक पॅकवर एक पांढरी चिकटपट्टी लावतात. तिला वाफेची उष्णता लागली, की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. एका सकाळी खोलीतले दुसरे यंत्र बंद पडले होते आणि वर ओळीने तीन ऑपरेशने होती. ताईने घाईत एकाच यंत्रात सगळे पॅक दाबून भरले. यंत्र उघडले तेव्हा पट्ट्या छान काळ्या झालेल्या. तिने पॅक वर पाठवून दिले. मग उरलेला एक पॅक फळीवर ठेवताना तिच्या तळहाताला खालून ओल लागली.

पट्टी बाहेरून काळी होती, पण गच्च भरल्यामुळे पॅकच्या पोटात वाफ नीट फिरलीच नव्हती. ओला पॅक म्हणजे भरवसा नसलेला पॅक. ताई जिन्याने दोन मजले धावत गेली. पेशंट टेबलावर होता, भूल द्यायची बाकी होती. तिने दारातूनच ओरडून सगळे थांबवले. त्या दिवशीची तिन्ही ऑपरेशने पुढे ढकलली गेली. डॉक्टर तिला सगळ्यांदेखत बोलले. खाली येऊन तिने माझ्या फळीजवळ उभ्या उभ्या काय चुकले ते एक पानभर लिहिले. तिने माझी दांडी अर्धवटच उचलली आणि पान लावताना मी तिच्या अंगठ्याला कडकडून चावले. तिचे लक्षही गेले नाही. शिक्षा म्हणून तिला महिनाभर चादरी मोजायला बसवले.

परत आल्यावर ताईने खोलीत एक पद्धत पाडली. यंत्र भरल्यावर प्रत्येक दोन पॅकच्या मधून उभा तळहात घालायचा. हात कुठेही न घासता गेला, तरच दार लावायचे. बाहेर काढल्यावर पट्टी बघायचीच, पण गार झालेला पॅक खालून हाताने चाचपल्याशिवाय वर पाठवायचा नाही. कुणी भिंतीवर लिहून लावले नाही, कुणी हुकूम काढला नाही. तरी सगळ्या पाळ्या तसेच करू लागल्या. 'हाताची फट ठेवली का?' हा तिथला रोजचा प्रश्न झाला.

मग खोलीत कॉम्प्युटर आला आणि आम्ही फाईली एका दिवसात अडगळ झालो. आमच्या पोटातले कागद काढून नेले आणि आम्हाला पोत्यात कोंबले. मी पोत्यात तळाशी होते. उलटी, चाप वाकलेला, अंगावर अकरा जणी. रद्दीवाला दारात आला तेव्हा ताईने पोत्यात हात घातला आणि मी सवयीने तिचे बोट पकडले. "ही आपली चावरी!" असे म्हणून तिने मला बाहेर ओढले. कार्यालयात एक प्रत असल्यामुळे माझ्यातले ताईच्या चुकीचे ते पान कुणाला नको होते. ताईने ते तसेच राहू दिले आणि मला घरी नेले.

घरी माझे दिवस फार कंटाळवाणे गेले. ताईचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचे मशीन, मागच्या खोलीत कपाट, कपाटावर मी. माझ्यात मुलीची प्रगतिपुस्तके, लसीकरणाचे कार्ड आणि पंख्याचे वॉरंटी कार्ड ठेवले होते. वर्षातून एकदा मला उघडत. पुढे दिवसभर मशीन धडधडायचे आणि मी वर पडल्या पडल्या नुसती हादरायचे. ते पान मात्र सगळ्यांच्या खाली, माझ्या पाठीला चिकटून होते. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हते. त्या महिन्यात आपण चादरी मोजत होतो, हे ताईने नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

एका संध्याकाळी ताई आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. रुग्णालयात नवा नियम झाला होता. आता ताईकडे असलेला खोलीचा चार्ज पुढच्या वर्षीपासून या कामाचा डिप्लोमा असलेल्याकडेच राहणार. ताई डिप्लोमाच्या मार्गाला लागली तर तिची जागा राखून ठेवणार होते. नाही तर एकोणीस वर्षांनंतर तिला पुन्हा धुण्याच्या बेसिनपाशी उभे राहावे लागणार होते.

"मग कर की डिप्लोमा," यजमान सुईत दोरा ओवत म्हणाले.

"अहो, दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी रोज सकाळी वर्ग. नोकरी सोडून कॉलेजात जाऊन बसू? आणि तिथे शिकवणार काय, तर हत्यारं कशी धुवायची!"

मुलीने कॉलेजची माहिती शोधून काढली. तिथे एक सोय होती. कामातून आधीच जे शिकून झाले आहे, तेच पुन्हा वर्गात बसून शिकायला लावत नसत. उमेदवाराने आपल्या शिकण्याचे पुरावे एका फाईलीत लावायचे, प्रत्येकापुढे लिहायचे आणि परीक्षकांसमोर बसायचे. त्यांना पटेल तेवढी क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मिळत. पहिल्या वर्षाची चाळीस क्रेडिट होती. त्यातली तीस मिळाली, तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि दुसऱ्या वर्षाचे वर्ग फक्त शनिवार-रविवारी. म्हणजे नोकरीही राहील आणि खोलीही.

मला कपाटावरून खाली उतरवले तेव्हा माझ्या पुठ्ठ्यातून आनंद निघत होता, किंवा धूळ असेल. यजमानांनी माझ्या पाठीची फाटलेली पट्टी जाड दोऱ्याने शिवून दिली. ताईने मला रिकामे केले. तळाचे पान हाती आले तेव्हा तिने मुलीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, ते मधोमध दुमडले आणि मशीनच्या खणात, कापड कापायच्या कागदी बेतांच्या गठ्ठ्यात खुपसले. मग तिने मला भरायला सुरुवात केली. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, सत्काराचा फोटो, पाहुण्यांबरोबरचा फोटो, सिस्टरांचे शिफारसपत्र, सुट्टी न घेतल्याबद्दलचे पत्र. एकशे अठरा कागद! माझा चाप मिटेना. मुलगी माझ्यावर बसली तेव्हा कुठे मी मिटले.

कॉलेजातल्या परीक्षक मॅडमनी मला उघडले, मी त्यांना चावले, त्यांनी बोट चोखत माझी पाने उलटली. बराच वेळ उलटली.

"ताई, काम तुम्ही खूप केलंय. ते दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "पण यातून शिकलात काय, ते कुठेच नाही. हजेरीचं क्रेडिट देता येत नाही आम्हाला."

"एवढी प्रमाणपत्रं आहेत, मॅडम."

"तुम्ही तिथे बसला होतात, एवढंच त्यातून कळतं. वीस दिवस आहेत. एकदाच परत आणता येईल. नंतर यंदाचं बंद."

ते वीस दिवस मला आठवले, की अजून माझा चाप उडतो. ताई कामावरून आली, की मला पुढ्यात घ्यायची. कागद काढायची, लावायची. पुन्हा काढायची. फोटो आधी, मग प्रमाणपत्रे. नको, प्रमाणपत्रे आधी. पानांची भोके फाटून मोठी झाली. मुलगी टाइप करायला बसे आणि ताई सांगे, "लिही, मी अनेक वर्षे अत्यंत निष्ठेने..." मग थांबे. "खोड ते." भाजी करपली, मुलीशी खटके उडाले, यजमानांनी विचारले "झालं का?" तर त्यांनाही बोलणी बसली. मला सगळे माहीत होते. जे हवे ते चार हातांवर, मशीनच्या खणात आहे, हे मला ओरडून सांगायचे होते. पण फाईलीला तोंड नसते, नुसते दात असतात. मी दिसेल त्याला चावत सुटले. ताई वैतागून म्हणाली, "हिला तरी काय झालंय!"

अठराव्या दिवशी रविवार होता. दुपारी यजमानांना शर्टाच्या कॉलरीसाठी कागदी बेत कापायचा होता. त्यांनी खणातून हाताला लागेल तो दुमडलेला कागद घेतला, घडीवर खडूने अर्धी कॉलर आखली आणि कात्री चालवली. घडी उलगडली. कॉलर झकास उतरली होती. मग त्यांना तिच्यावरचे अक्षर दिसले.

"अगं, हे तुझं अक्षर ना?"

ताईने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. "इकडे द्या ते."

"थांब, वाचू दे." ते कॉलर उजेडाकडे धरून अडखळत वाचू लागले. "'पट्टी काळी होती म्हणून पॅक कोरडे आहेत असे मी धरून चालले. हात लावून पाहिले नाही. चूक माझी आहे.'"

मुलीची टाइप करणारी बोटे थांबली. "आई, हे कधीचं?"

"तू तिसरीत होतीस."

यजमान खाली बसले. "म्हणजे हात धुवून धुवून जेवायला बसायचीस, तो महिना. मी विचारलं तर म्हणायचीस, वाफेच्या यंत्रावर फार काम होतं."

"कुठे यंत्र आणि कुठे काय! चादरी मोजत होते." ताईचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "काय सांगणार होते तुम्हाला? एखाद्याचा जीव गेला असता माझ्यापायी."

"गेला का?"

"नाही."

"का नाही गेला?"

"मी पळत वर गेले म्हणून."

"मग हे घाल की फाईलीत."

"काहीतरीच तुमचं! आपल्याच चुकीचा कागद लावून कुणी मार्क मागतं का?"

मुलगी हळूच म्हणाली, "आई, तू सारखी सांगतेस ती हाताची फट कुठल्या प्रशिक्षणात शिकलीस गं?"

ताईने मला पुढ्यात ओढले. तिने माझ्यातली सगळी प्रमाणपत्रे एकेक करून उलटली, जणू कुठेतरी उत्तर छापलेले असेल. मग म्हणाली, "कुठल्याच नाही."

त्या दुपारी ताईने मुलीला टायपिंगवरून उठवले आणि स्वतः लिहायला बसली. निष्ठेने, तळमळीने वगैरे काही नाही. पॅक गच्च भरले तर वाफ कुठे अडते, ओल कुठे साठते, बाहेरच्या पट्टीवर किती विश्वास ठेवायचा, हात कुठून घालायचा, नव्या माणसाला हे कसे शिकवायचे. मी इतकी वर्षे कागद सांभाळले, पण असे कागद पहिल्यांदाच पाहिले. एकशे अठरा कागदांतले ऐंशी तिने काढून टाकले. मला कितीतरी दिवसांनी श्वास घेता आला. तोवर यजमानांनी भगदाड पडलेले पान समोर ठेवले, कॉलर त्यात नेमकी बसवली आणि मशीनवर मोठा टाका लावून पान शिवून टाकले. पांढऱ्या दोऱ्याने, कडेकडेने, एकही अक्षर न झाकता.

विसाव्या दिवशी तीन परीक्षक बसले होते. मॅडमनी या वेळी मला पेन्सिलीने उघडले. शिवलेले पान आले तेव्हा त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले.

"कागदाला शिवण?"

"आमचे हे शिंपी आहेत, मॅडम. त्यांना डिंक सुचत नाही."

शेजारचे सर हसले, पण पान वाचता वाचता गंभीर झाले. "ही नोंद तुमच्याविरुद्ध जाऊ शकते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग का लावलीत?"

ताईचे हात मांडीवर घट्ट होते. मला ते दिसत होते. "लावायची नव्हतीच, सर. मागच्या खेपेला नव्हतीच लावली. पण हाताची फट मी कुठून आणली असं तुम्ही विचारलं, तर सांगायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

सरांनी टेबलावरची पुस्तके एका खोक्यात भरली आणि म्हणाले, "दाखवा." ताईने दोन पुस्तके बाहेर काढली, बाकीची सरकवली आणि प्रत्येक फटीतून उभा तळहात आत-बाहेर केला. एका ठिकाणी हात घासला. तिने न सांगता आणखी एक पुस्तक काढून ठेवले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिले.

निकाल आठ दिवसांनी आला. चाळीसपैकी चौतीस. सूक्ष्मजीवशास्त्राची सहा दिली नाहीत, कारण जंतू कसे मारायचे ते ताईला येत होते, पण ते कोण आणि कसे असतात हे येत नव्हते. तो एक विषय तिला अभ्यास करून द्यायचा होता. घरात आनंदाने गोंधळ झाला. यजमानांनी मला चक्क खिडकीत, उजेडात ठेवले. ताई मात्र निकालाचे पत्र पुन्हा पुन्हा वाचून हुंदके देत होती. खोली राहिली, एवढेच ती म्हणत होती.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपवता आली असती, पण मला गप्प बसवत नाही हे मी आधीच सांगितले आहे. महिन्याभराने सूक्ष्मजीवशास्त्राची पहिली चाचणी झाली. ताईला तीसपैकी नऊ मिळाले. वर्गात सगळ्यांत वयाने मोठी तीच आणि सगळ्यांत कमी मार्कही तिलाच. ती घरी आली, पिशवीतून पेपर काढला आणि मशीनच्या खणाकडे दोन पावले गेली. माझे काळीज, म्हणजे जे काही आत असेल ते, थांबले. खणापाशी ती उभी राहिली. मग वळली, मला खाली घेतले, पेपराला भोके पाडली आणि तो सगळ्यांत वर लावला, शिवलेल्या पानाच्याही वर. त्याखाली आपण कुठे चुकलो ते लिहायला पेन उघडले.

म्हणून माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आम्हाला जपा, ओलीत ठेवू नका, आमच्यावर बसू तर मुळीच नका. आम्हाला गच्च भरू नका. आत तुमचा हात जाईल एवढी जागा ठेवा. आणि जे पान काढून लपवावेसे वाटेल, ते तेवढे माझ्यासारखीच्या पोटात राहू द्या.

त्या दिवशी पेपर लावताना मी ताईच्या अंगठ्याला चावले, अगदी जुन्याच जागी. तिने हात मागे घेतला नाही. "चाव," ती म्हणाली, "पण पान सोडू नकोस."